हिंगणघाटची बनी गेली, वायगावची हळद राहिली

वर्धा जिल्ह्यात वायगाव नावाची दोन गावं आहेत. वर्धा तालुक्यातलं ते वायगाव निपाणी आणि समुद्रपूर तालुक्यातलं ते वायगाव हळद्या. हे दुसरं गाव आपल्या हळदीच्या जोरावर २०१६ साली चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात जाऊन बसलं. त्या वर्षी 'वायगाव हळद' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातल्या हळदींमध्ये हा मान मिळवणारी ती पहिली. सांगलीच्या हळदीला तो २०१८ मध्ये मिळाला आणि हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला २०२४ मध्ये. हळदीचा एवढा मोठा बाजार चालवणाऱ्या सांगलीच्याही आधी कापूसपट्ट्यातल्या एका लहानशा गावाचा नंबर लागला, हे हळदीच्या व्यापाऱ्यांनाही जरा नवलाचंच वाटलं असेल.

मानांकन मिळालं की बातम्या येतात, सत्कार होतात आणि आता गावाचं भलं झालं असं आपण धरून चालतो. मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मानांकन द्यायला ही हळद शिल्लक तरी कशी राहिली? कारण याच मुलखात तिच्यापेक्षा कितीतरी नामांकित असं एक वाण होतं. ते कापसाचं होतं, 'बनी' म्हणून ओळखलं जाई आणि विलायतेच्या बाजारात 'हिंगणघाट' या नावानेच विकलं जाई. समुद्रपूर तालुका त्या काळी हिंगणघाट तहसिलीतच मोडायचा. म्हणजे एकाच तहसिलीतली दोन वाणं. त्यातलं जगभर गाजलेलं शेतातून गेलं आणि आसपासच्या चार गावांपलीकडे फारसं कुणाला माहीत नसलेलं टिकलं. यात नशिबाचा भाग थोडा आणि वनस्पतीच्या स्वभावाचा फार मोठा.

आधी मुलूख पाहू. समुद्रपूर हा वर्धा जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातला तालुका. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग जामच्या चौफुलीवरून याच तालुक्यातून पुढे हिंगणघाटला जातो. महामार्गावरून दिसतं ते सपाट काळं रान: पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि हिवाळ्यात हरभरा. आत शिरलं की जमीन उंचसखल होते आणि गिरडच्या टेकड्या लागतात. गिरडला शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि तिथे हिंदू-मुसलमान दोघेही नवसाला जातात. टेकडीवर गोल, गुळगुळीत दगड सापडतात. त्यांची कथा इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरातही नोंदलेली आहे: बाबांची टर उडवणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा नारळबिरळ सगळा माल बाबांनी दगड करून टाकला, तेच हे दगड. भूगर्भशास्त्राच्या लेखी ते झिओलाइटचे गोळे. दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसातून थिजला तेव्हा त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत पाझरणाऱ्या पाण्यातून खनिजं साचत गेली आणि भोवतालचा खडक झिजल्यावर ते गोळे सुटे झाले.

त्याच पाषाणाची झीज होऊन इथली काळी माती तयार झाली. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून बसते. कापसाला ती मानवते, कारण पाऊस थांबल्यावरही तिच्या पोटातल्या ओलीवर झाड दिवाळीपर्यंत तग धरतं. हळदीला मात्र साचलेलं पाणी चालत नाही. मुळाशी चार दिवस पाणी तुंबलं की कंदकूज लागते, आणि सडका कंद दिसतो तो उपटून पाहिल्यावर. म्हणून इथे हळद सरसकट सगळ्या रानात होत नाही. ज्या वावराला थोडा उतार आहे, पाण्याचा निचरा आहे आणि धुऱ्याला लागून बऱ्यापैकी पाण्याची विहीर आहे, तिथेच ती धरते. तालुक्याच्या पीकपेऱ्यात तिचा वाटा त्यामुळे नेहमी लहानच राहणार. रान कापसाचं आणि नाव हळदीचं, अशी ही जोडी आहे.

आता त्या कापसाची गोष्ट. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं आणि लँकशायरच्या गिरण्यांचा कापूस अडकला. इंग्रजांची नजर नागपूर-वऱ्हाडाकडे वळली. वर्धा जिल्हा वेगळा झाला तोच मुळी १८६२ साली. नागपूरला आगगाडी पोचली १८६७ मध्ये, आणि पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटकडे फाटा निघाला. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी सरकारने रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला. त्याची मोठी चिंता हीच, की हिंगणघाटच्या बनीचं नाव मोठं आहे, धागा देशी कापसाच्या मानाने लांब आणि मऊ आहे, पण व्यापारी त्यात आखूड धाग्याचा हलका कापूस मिसळतात. भेसळ त्या काळी इतकी माजली होती की मुंबई इलाख्यात तिच्याविरुद्ध १८६३ साली वेगळा कायदाच करावा लागला. १८८१ मध्ये खुद्द हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी उभी राहिली. इतकं सगळं बनीच्या बाजूने होतं, तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मागे पडू लागली आणि तिच्या जागी 'रोझियम' नावाचा जाडाभरडा कापूस पसरला.

का, तर त्याचा हिशेब सरळ होता. क्विंटलभर कापसातून रुई किती निघते, त्याला इकडे उतारा म्हणतात. बनीचा धागा चांगला पण उतारा कमी. रोझियमचा धागा आखूड पण उतारा बराच जास्त. जिनवाला पैसे मोजायचा ते वजनावर, आणि चांगल्या धाग्याचा जादा भाव दलालांच्या साखळीतून शेतकऱ्यापर्यंत पोचत नव्हता. अशा वेळी कुणी शहाणा माणूस बनी कशाला पेरील?

पण याहून खोल कारण सरकीत होतं. पूर्वी कापूस पिंजायच्या आधी घरीच, हातरेच्यावर सोलला जाई. रुई बाजारात जायची, सरकी घरात राहायची आणि पुढच्या मृगाला तीच पेरली जायची. वाफेवर चालणारे जिन आल्यावर कापूस बंड्या भरभरून तिकडे जाऊ लागला. जिनमध्ये दहा गावांचा कापूस एकाच ढिगात पडतो आणि सरकीही एकाच ढिगात निघते. पेरणीला सरकी आणायची तीही जिनमधूनच. म्हणजे बनी पेरणाऱ्याच्या पदरात दुसऱ्या वर्षी काय पडेल याचा भरवसा गेला. त्यात कापसाच्या फुलावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या धुऱ्यापलीकडचा पराग आणून टाकतात. एका शेतकऱ्याने कितीही जपून बी राखलं, तरी आसपासचा मुलूख बदलला की त्याचं वाणही हळूहळू बदलतंच.

पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. १९७० मध्ये सुरतेहून एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस आला. संकरित म्हणजे बी दरवर्षी विकत घ्यायचं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच वर्ध्याच्या रानात दुसरं काही दिसेनासं झालं. बियाण्याचं पाकीट, खत, फवारणी सगळं बाजारातून येऊ लागलं आणि भाव मात्र आपल्या हातात नाही, अशा कात्रीत जिल्हा सापडला. २००५-०६ च्या सुमारास जिल्ह्यातल्या डोरली गावाने 'गाव विकणे आहे' असं जाहीर केलं, तेव्हा देशभरचे पत्रकार धावले. २००६ च्या पावसाळ्यात पंतप्रधान मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला येऊन शेतकऱ्यांशी बोलले आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. शेतकरी चळवळीत आयुष्य घालवलेले विजय जावंधिया याच वायफडचे. इतक्या सगळ्या घडामोडींत हिंगणघाटच्या बनीचा उल्लेख करायला कुणाला फुरसत नव्हती, आणि ते साहजिकच होतं.

हळदीचा स्वभाव कापसाच्या अगदी उलट. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, एकवीसचे तीन मिळून त्रेसष्ट. तिनाची समान वाटणी होत नाही, म्हणून परागकण आणि बीजांड नीट बनत नाहीत. फूल येतं, चांगलं देखणं येतं. पानांच्या बेचक्यातून फिकट हिरवं-पांढरं कणीस वर निघतं आणि वायगावच्या वाणाला तर फुलं भरपूर लागतात. पण बी धरत नाही, धरलंच तर क्वचित. तेव्हा हळद वाढवायचा व्यवहारातला रस्ता एकच, तिचा कंद पुन्हा जमिनीत गाडायचा. आज वायगावच्या वावरात उभी असलेली हळद ही वंशाने मुलगी-नात अशी नाहीच. ते पिढ्यान् पिढ्या तुकड्यातुकड्याने पुढे सरकलेलं एकच झाड आहे. मधमाशीने काहीही आणून टाकलं तरी त्यात फरक पडत नाही, आणि तिची सरकी कुठल्या जिनच्या ढिगात मिसळत नाही.

दुसरं म्हणजे हळदीचं बियाणं फार अवजड. एका एकराला साधारण दहा क्विंटल बेणं लागतं. कापसाचं एकराचं बी पिशवीत घालून सायकलवर नेता येतं. दहा क्विंटल ओला कंद लांबून आणायचा तर गाडीभाडं, वाटेत होणारी सड, आणि ऐन मे महिन्यात रोकड पैसा. त्यापेक्षा घरचं बेणं घरीच राखलेलं बरं. वायगावात वाण टिकलं त्यात गावकऱ्यांनी काही संवर्धनाची मोहीम काढली होती असं नव्हे. बदलणं महाग होतं आणि न बदलण्यात तोटा नव्हता.

तोटा का नव्हता, तेही पाहण्यासारखं आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात आज सेलम जातीचा बोलबाला आहे. सेलम उत्पन्नाला भारी, पण तिला तयार व्हायला साडेआठ-नऊ महिने लागतात. वायगाव सात-साडेसात महिन्यांत हाती येते. कृष्णाकाठच्या बागायतीला तेवढ्या फरकाने काही अडत नाही. समुद्रपूरच्या विहिरीवर शेती करणाऱ्याला त्या दीड महिन्याने फार अडतं, कारण माघ सरता सरता विहीर तळ दाखवू लागते. जूनच्या पावसावर लावलेली हळद जानेवारीअखेर निघाली, म्हणजे पाण्याच्या ओढाताणीच्या आधीच ती जमिनीबाहेर असते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या वाणाची दखल घेतली, त्यातही लवकर येणं हा गुण मोलाचा.

हळदीचं वर्ष सुरू होतं ते मृगाच्या तोंडावर. राखलेल्या कंदांतून सडके, सुरकुतलेले बाजूला काढून निवडक गड्डे सरीवर किंवा गादीवाफ्यावर लावतात. पहिले दोन-अडीच महिने काम निंदणाचं. हळद वर यायला वेळ घेते आणि तण तेवढा धीर धरत नाही. मग मातीची भर द्यायची, म्हणजे उघडे पडलेले कंद झाकले जातात आणि फुटव्यांना जागा मिळते. भर नीट लागली नाही तर हळकुंडं उन्हाने हिरवी पडतात. जमिनीखाली सगळं एकसारखं नसतं. मधला मोठा तो जेठा गड्डा, त्याच्या कुशीतले बगल गड्डे, त्यांना बोटांसारखी फुटलेली हळकुंडं, आणि लावलेलं मूळ बेणं झिजून उरतं तो सोरा गड्डा. बाजारात भाव हळकुंडांना, बेण्याला मान जेठ्या गड्ड्याचा.

हळदीची एक मोठी सोय शेतकरी आवर्जून सांगतात. रोही आणि माकडं तिला सहसा तोंड लावत नाहीत. सोयाबीन-हरभऱ्याला रात्र रात्र जागली करणाऱ्याला या एका गोष्टीची किंमत विचारा. रानडुक्कर मात्र काही खायला नसलं तरी माती उकरतं, त्याला इलाज कुंपणाचाच.

पौष संपता संपता पानं पिवळी पडून लोळू लागतात. पाला कापून चार-आठ दिवस रान तापू देतात आणि मग कुदळीने काढणी. खरी कसोटी पुढे. ओली हळद तशीच वाळवली तर वाळायला महिना लागेल आणि वरून सुकलेली, आतून कच्ची राहील. म्हणून ती शिजवावी लागते. जुनी पद्धत मोठ्या लोखंडी कढईची. चुलीला जळण म्हणून पऱ्हाट्या, कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या. कढईत हळकुंडं, बुडेल इतकं पाणी, वर पाल्याचं नाहीतर ओल्या गोणपाटाचं झाकण. पाऊण तास, तासभर गेला की पाण्यावर फेस येतो आणि त्या दर्पाने आसपासच्या घरांनाही कळतं की आज कुणाची हळद शिजते आहे. शिजली की नाही हे घड्याळावर ठरवत नाहीत. एक हळकुंड बाहेर काढून त्यात गवताची काडी टोचतात. काडी अडखळत गेली तर अजून कच्ची, सुर्रकन आरपार गेली तर झाली. मग घाई, कारण जास्त शिजली तर रंग मरतो. शिजवताना आतलं पीठ फुलतं, रंगद्रव्य मधल्या गाभ्यापासून सालीपर्यंत सारखं पसरतं आणि पुन्हा मोड फुटायची क्षमता संपते. आता बरेच जण वाफेवरचा बॉयलर भाड्याने आणतात. त्यात वेळ आणि जळण दोन्ही वाचतं.

नंतर दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण. रात्री दव पडलं तर झाकायचं, माघातल्या अवकाळी पावसाकडे डोळा ठेवायचा. वाळलेलं हळकुंड दोन बोटांत धरून मोडलं तर कट् असा कोरडा, धातूसारखा आवाज येतो आणि मोड काचेसारखी चमकते. लवलं तर अजून ऊन हवं. शेवटी लोखंडी जाळीच्या फिरत्या पिंपात घालून वरची खरबरीत साल झाडतात, त्याला पॉलिश म्हणतात. ओल्या पाच क्विंटलांची वाळून सुमारे एक क्विंटल उरते. नऊ महिन्यांचं काम आणि पाचातले चार भाग पाणी!

इतकं करून माल बाजारात नेला की तिथे वेगळंच शास्त्र चालतं. वायगावच्या हळदीचा लौकिक कुरकुमिनचा. बाजारातल्या पुष्कळशा हळदीत हे पिवळं द्रव्य दोन ते चार टक्के असतं, वायगावमध्ये सहा टक्क्यांच्या वर. पण कुरकुमिन डोळ्याला दिसत नाही, ते प्रयोगशाळेत मोजावं लागतं. लिलावात अडत्या मूठभर हळकुंडं उचलून लांबी, जाडी आणि चकाकी बघतो. त्यात घसघशीत, पॉलिश केलेली सेलम बाजी मारणारच. शिवाय मोठे बाजार सांगली, हिंगोली, वसमत, नांदेड आणि सीमेपलीकडे निजामाबाद. वर्धा जिल्ह्याला सगळेच आडवळणाचे. बनीला उताऱ्याने मारलं, तशी वायगावला चकाकी मारू शकते. फरक इतकाच, की बनीच्या शेतकऱ्याला सूत घरी कातून, विणून गिऱ्हाईक गाठणं परवडणारं नव्हतं. हळदीच्या शेतकऱ्याला पावडर घरी दळून विकता येते.

हा विचार वर्ध्याला नवा नाही. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला तो वर्ध्यात. जमनालाल बजाजांच्या बागेत, मगनवाडीत त्याचं कार्यालय थाटलं आणि कारभार जे. सी. कुमारप्पांनी पाहिला. कच्चा माल गावाबाहेर आणि पक्का माल गावात, ही उलटी गंगा थांबवावी, पिकाचं पुढचं रूप गावातच तयार व्हावं, हा त्यांचा आग्रह. १९३८ साली उघडलेलं मगन संग्रहालय आजही तिथे आहे. आज महिला बचत गट आणि उत्पादक कंपन्या वायगावची हळद दळून, पाकिटं करून प्रदर्शनांत विकतात, तेव्हा त्या कुमारप्पांचं नाव घेवोत न घेवोत, करतात तेच. पाकिटावर कुरकुमिनचा आकडा छापता येतो. लिलावाच्या ढिगावर तो छापता येत नाही.

इथे मानांकनाचा उपयोग आहे, आणि त्याची मर्यादाही इथेच आहे. त्याने नावाचं रक्षण होतं, वावराचं नाही. दुसऱ्या जिल्ह्यातली हळद 'वायगाव' म्हणून विकली तर दाद मागता येते. पण वायगावातल्याच शेतकऱ्याने उद्या हळद सोडली तर कायदा काही करू शकत नाही. उमरेडपलीकडच्या भिवापूरच्या मिरचीचं पाहा. जाड सालीची, लालभडक, तिलाही मानांकन आहे. पण संकरित मिरची आली आणि अस्सल भिवापुरीचं रान आटत गेलं. मिरचीचंही कापसासारखंच, शेजारच्या वावरातला पराग लागतो. नागपूरच्या संत्र्याची गोष्ट त्यातल्या त्यात बरी, कारण ते कलमावर चालतं आणि झाड एकदा लावलं की वर्षानुवर्षं उभं असतं.

हळदीला ती सोय नाही, आणि तिचा दुबळेपणाही तिच्या बळातूनच येतो. कापसाचं बी डब्यात दोन-तीन वर्षं राहतं. हळदीचं बेणं सावलीत, पाल्याखाली झाकून उन्हाळाभर टिकतं, त्यापुढे ते लावावंच लागतं. शास्त्रज्ञांनाही यातून सुटका नाही. कोळिकोडच्या मसाला पीक संशोधन संस्थेत हळदीची वाणं जपायची तर ती दर हंगामाला शेतात लावावी लागतात, जोडीला ऊतिसंवर्धनाच्या नळ्या. शिवाय सगळी हळद एकाच झाडाची, म्हणून एकाला लागलेली कंदकूज किंवा कंदमाशी सगळ्यांना सारखीच बाधते आणि बेण्याबरोबर पुढच्या वर्षी जाते. एखाद्या वर्षी भाव पडला, घरच्या लग्नाला पैसा लागला आणि बेण्यासकट सगळी हळद विकून टाकली, असं अडल्या घरात होतंच. दोन वर्षांनी पुन्हा हळद करायची ठरली की गावात बेणं मिळेल तर ठीक. नाहीतर बाहेरून गाडी येते ती बहुधा सेलमची. वायगावच्या वावरात, वायगावच्या नावाने, सेलम उभी राहिली तर बनीची कथा दुसऱ्या वाटेने पुरी झाली असं समजायचं.

जावा बेटावरच्या खेड्यांत हा धोका एका वेगळ्याच रीतीने टळतो. तिथे हळदीला कुन्यित म्हणतात आणि ती पुष्कळदा घराच्या परसातच असते, आल्या-गलांगलच्या ओळीत. ती वाळवून साठवण्यापेक्षा ओलीच किसून, चिंचेच्या कोळात मिसळून पितात. पाठीला टोपली बांधून, बाटल्यांतून असे काढे दारोदार विकणाऱ्या बायका हे तिथलं ओळखीचं दृश्य. त्या काढ्यांच्या परंपरेला, म्हणजे 'जामू'ला, युनेस्कोने २०२३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. रोज लागणारी वस्तू परसात असली की तिचं बेणं बाजारभावावर अवलंबून राहत नाही. वायगावच्या प्रत्येक घरामागे चार वाफे वायगावच्या हळदीचे ठेवले, तरी गावाचं वाण कुठल्याही मंदीतून तरून जाईल. कृषी खात्याच्या योजनांत एकरांची भाषा असते, परसाची नसते, ही माझी जुनी तक्रार आहे.

नावाच्या रक्षणाची गरज आपल्याला पटली ती मात्र बाहेरच्या धक्क्यामुळेच. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगासाठी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. भौगोलिक मानांकनाचा कायदा संसदेने केला तो १९९९ मध्ये, लागू झाला २००३ मध्ये. पहिला मान दार्जिलिंगच्या चहाला. पेटंट एखाद्याच्या मालकीचं असतं. मानांकन सगळ्या मुलखाचं, त्याची विक्री करता येत नाही आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

यातली एक तरतूद गावोगावच्या सभांत फारशी सांगितली जात नाही. मानांकन उत्पादकांच्या संस्थेच्या नावावर नोंदलेलं असलं, तरी त्याचा शिक्का आपल्या पाकिटावर छापायचा तर त्या त्या शेतकऱ्याला स्वतःची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करून घ्यावी लागते. संस्था नोंदली म्हणजे सगळं गाव आपोआप नोंदलं गेलं, असं होत नाही. या नोंदणीचं शुल्क २०२० मध्ये पाचशे रुपयांवरून दहा रुपयांवर आणलं आहे. सातबारा, हळद आपल्याच वावरात पिकल्याचा पुरावा आणि संस्थेचं पत्र जोडून अर्ज चेन्नईला पाठवायचा. फाल्गुनात हळद पोत्यात भरली की मृगापर्यंत शेतकऱ्याला थोडी उसंत असते. बेणं निवडायचं ते त्याच दिवसांत, आणि हा अर्ज भरायचा तोही.